सीपीयू आणि जीपीयू एकत्र येतात, म्हणजे नेमके काय होते?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी एनव्हिडिया आणि इंटेल या दोन कंपन्यांनी एक संयुक्त घोषणा केली. एनव्हिडिया इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवणार आणि वैयक्तिक संगणकांसाठी इंटेल अशा चिप्स बनवणार, ज्यांत इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे ग्राफिक्स एकमेकांना खेटून बसवलेले असतील. बातमी वाचून अनेकांना एक साधा प्रश्न पडला असेल. बेताच्या किमतीच्या लॅपटॉपमध्येसुद्धा गेली पंधरा वर्षे ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असते आणि त्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही; मग आता नव्याने काय एकत्र येणार आहे?

प्रश्न रास्त आहे, आणि बातम्यांमध्ये त्याचे उत्तर सहसा मिळत नाही, कारण बहुतेक ठिकाणी ‘दोन चिप्स एक झाल्या’ एवढेच सांगितले जाते. या घडामोडीचा गाभा चिप्सच्या जवळिकीत नसून मेमरीत आहे, असे माझे मत आहे. दोन प्रोसेसर एकाच मेमरीवर, आणि तीही पुरेशा वेगवान मेमरीवर, काम करू लागले तरच त्या एकत्र येण्याला अर्थ उरतो. हे पटण्यासाठी थोडे मुळापासून सुरुवात करावी लागेल.

दोन स्वभाव, दोन कामे

एखाद्या मोठ्या कचेरीची कल्पना करा. एका खोलीत आठ-दहा मुरलेले अधिकारी बसले आहेत. समोर आलेले प्रकरण कितीही गुंतागुंतीचे असो, ‘असे असेल तर हे करा, नाहीतर ते करा’ अशा फाट्यांतून वाट काढत ते झटपट निर्णय देतात. शेजारच्या दालनात हजारो कारकून बसले आहेत. त्यांच्याकडून निर्णयाची अपेक्षा नाही; एक सूचना सगळ्यांना एकदम दिली जाते आणि प्रत्येक जण आपल्यापुढच्या आकड्यावर तीच क्रिया करतो. अधिकाऱ्यांची खोली म्हणजे सीपीयू, अर्थात संगणकाचा मुख्य प्रोसेसर, आणि कारकुनांचे दालन म्हणजे जीपीयू, अर्थात ग्राफिक्स प्रोसेसर.

असे हजारो कारकून लागतात कशाला, याचे उत्तर पडद्याकडे पाहिले की मिळते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर एकूण २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात, आणि हलते चित्र सुरळीत दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे म्हटले तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख बिंदूंचा हिशेब करावा लागतो. प्रत्येक बिंदूचा हिशेब जवळजवळ सारखाच असतो आणि बहुतांशी तो शेजारच्या बिंदूवर अवलंबून नसतो. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे गणितही याच जातीचे आहे, कारण तिथे आकड्यांच्या प्रचंड तक्त्यांचे गुणाकार करायचे असतात. म्हणूनच खेळांसाठी वाढलेला जीपीयू त्या क्षेत्राचाही कणा झाला.

या सामूहिक शिस्तीची एक किंमत असते. एनव्हिडियाच्या जीपीयूमध्ये ३२ जणांची एकेक तुकडी एकाच आज्ञेवर पाऊल टाकते. मध्येच ‘जर-तर’ असा फाटा आला आणि तुकडीतील २० जणांना एका वाटेने व १२ जणांना दुसऱ्या वाटेने जायचे असेल, तर आधी ती १२ स्थाने रिकामी बसतात आणि मग उरलेली २०. वाटा जितक्या फुटतील तितका जीपीयू मंदावतो. त्यामुळे सीपीयू काढून टाकून सगळीच कामे जीपीयूवर सोपवणे शक्य नाही, आणि उलटही शक्य नाही. इंटेलने छोट्या-छोट्या सीपीयूंचा समूह करून ‘लाराबी’ नावाचा जीपीयू घडवण्याचा घाट घातला होता. २००९च्या डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचे ते उत्पादन रद्द करावे लागले. दोघांची गरज कायम राहणार, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

खोळंबा हिशेबाचा नव्हे, वाहतुकीचा

आता आपल्या कचेरीत एक भर घालू. अधिकाऱ्यांच्या खोलीत त्यांचे स्वतःचे कपाट आहे आणि कारकुनांच्या दालनात त्यांचे वेगळे. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद दार आहे. अधिकाऱ्याने तयार केलेली फाइल कारकुनांना हवी असेल तर तिची नक्कल करून ती दारातून पलीकडे न्यायची, तिथल्या कपाटात ठेवायची, आणि काम झाल्यावर उत्तराची नक्कल पुन्हा अलीकडे आणायची. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात आजही मोठ्या प्रमाणावर हेच चालते.

दोन कपाटे ठेवण्यामागे कारण आहे. सीपीयूला मेमरीतली एखादी छोटी गोष्ट लवकर हातात यायला हवी असते. जीपीयूला प्रत्येक गोष्ट लगेच मिळाली नाही तरी चालते, पण एका वेळी भाराभर माहिती हवी असते. एका सेकंदात मेमरीतून किती माहिती वाहून नेता येते, त्या मापाला बँडविड्थ म्हणतात. नेहमीच्या संगणकातील दोन पट्ट्यांच्या डीडीआर५ रॅमची (५६०० वेगाची) बँडविड्थ सेकंदाला सुमारे ९० जीबी असते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या कार्डावरील मेमरीची बँडविड्थ सेकंदाला १,७९२ जीबी आहे. आणि या दोहोंमधील दार, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस ५.० ही जोडणी, एका दिशेने सेकंदाला साधारण ६४ जीबी जाऊ देते. कारकुनांचे कपाट दाराच्या अठ्ठावीस पट रुंद आहे, असा याचा अर्थ.

शिवाय ही ने-आण विजेच्या हिशेबातही महागात पडते. एखादा आकडा चिपबाहेरच्या मेमरीतून आणायला लागणारी ऊर्जा त्याच आकड्याची बेरीज करायला लागणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट असते.

जुनेच चक्र

वेगळे काढलेले काम पुन्हा आत घेणे, हे संगणकाच्या इतिहासात नवे नाही. १९८० साली इंटेलने दशांश गणितासाठी ८०८७ ही वेगळी साथीदार चिप काढली आणि १९८९ साली ८०४८६ प्रोसेसरमध्ये तेच काम आत सामावून घेतले. त्यानंतर ती वेगळी चिप घ्यायची वेळ फारशी कोणावर आली नाही. चित्रांच्या बाबतीत तर हे चक्र त्याआधीच ओळखले गेले होते. १९६८ साली मायर आणि सदरलँड या दोन अभियंत्यांनी पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या यंत्रणेविषयी लिहिताना म्हटले होते की, मुख्य संगणकावरचा भार कमी करण्यासाठी वेगळा साहाय्यक काढला जातो, त्याला एकेक क्षमता जोडत गेल्यावर तोच पूर्ण संगणक होऊन बसतो, आणि मग त्याच्यासाठी नवा साहाय्यक शोधावा लागतो. या फेऱ्याला त्यांनी पुनर्जन्माचे चाक म्हटले. जीपीयूचा प्रवास पाहिला तर त्यांचे निरीक्षण आजही लागू पडते.

एकाच चिपवर, तरी परके

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिने २००६ साली एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली ती सीपीयू आणि जीपीयू यांचे मीलन घडवण्याच्या उघड हेतूने. २०१० साली इंटेलने दोन्ही एका पॅकेजमध्ये आणले, पण आत सिलिकॉनचे तुकडे दोन होते. पॅकेज म्हणजे सिलिकॉनचे एक किंवा अनेक तुकडे ज्या आवरणात बसवून मदरबोर्डवर लावले जातात ते. २०११ साली इंटेलच्या सँडी ब्रिज आणि एएमडीच्या लानो या प्रोसेसरमध्ये सीपीयू आणि जीपीयू सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आले.

तरीही वेगळ्या कार्डांचे काही बिघडले नाही. पहिले कारण असे की, भिंत पडली तरी कपाटातले कप्पे वेगळेच राहिले. एकाच रॅममधला एक भाग जीपीयूसाठी राखून ठेवला जाई, आणि सीपीयूच्या भागातली माहिती जीपीयूच्या भागात जायची तर बहुतेक वेळा तिची नक्कलच करावी लागे. एएमडीने २०१४च्या कावेरी प्रोसेसरमध्ये दोघांना एकच मेमरी, एकाच पत्त्यांनिशी, वापरू देण्याची सोय केली. परंतु तिचा लाभ घेणारे प्रोग्राम मोजकेच लिहिले गेले. दुसरे कारण अधिक निर्णायक होते. सीपीयूपुरती बेतलेली मेमरी जीपीयूला पुरत नव्हती. कारकुनांचे दालन मोठे केले असते तरी त्यांना कागद पुरवणार कोण, हा प्रश्न उरलाच असता.

त्याच काळात खेळांच्या यंत्रांनी मात्र ही गोष्ट साधली होती. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये एएमडीचे सीपीयू आणि जीपीयू एकाच चिपवर होते, आणि दोघांसाठी मिळून ८ जीबी जीडीडीआर५, म्हणजे एरवी ग्राफिक्स कार्डावर दिसणारी मेमरी, दिलेली होती. तिची बँडविड्थ सेकंदाला १७६ जीबी होती. ज्या कंपनीची चिप घरच्या संगणकात बेतास बात ठरत होती, तिचीच चिप खेळांच्या यंत्रात उत्तम चालली. मोठा फरक मेमरीचा होता. आणि प्रत्येक यंत्र सारखेच असल्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ती मेमरी गृहीत धरता येत होती.

मेमरीची वाट रुंद झाली तेव्हा

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ चिप आणली. तिची बँडविड्थ सेकंदाला ६८ जीबी, म्हणजे डोळे दिपावेत अशी नव्हती. पण सीपीयू आणि जीपीयू यांच्यासाठी मेमरी एकच होती आणि हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्राम लिहिण्याची साधने असे सारे एकाच कंपनीच्या हातात होते. पुढच्याच वर्षी एम१ मॅक्समध्ये मेमरीची वाट चौपट रुंद आणि अधिक वेगवान करून बँडविड्थ ४०० जीबीवर नेली गेली. २०२५च्या एम३ अल्ट्रामध्ये ती ८१९ जीबी आहे आणि मेमरी ५१२ जीबीपर्यंत घेता येईल असा पर्याय देण्यात आला. इतकी मेमरी वैयक्तिक वापराच्या कोणत्याही ग्राफिक्स कार्डावर मिळत नाही.

बाकीच्यांनीही तीच दिशा धरली. एएमडीच्या रायझन एआय मॅक्स मालिकेत १६ कोअरपर्यंतचा सीपीयू (कोअर म्हणजे आपल्या कचेरीतला एकेक अधिकारी) आणि बऱ्यापैकी मोठा जीपीयू यांच्यासाठी १२८ जीबीपर्यंत सामायिक मेमरी आहे आणि बँडविड्थ सेकंदाला २५६ जीबी आहे. एनव्हिडियाच्या डीजीएक्स स्पार्क या छोटेखानी संगणकातही १२८ जीबी आणि २७३ जीबी प्रतिसेकंद असे जवळपास तेच आकडे दिसतात.

महासंगणकांच्या जगात हा बदल सर्वांत ठळक आहे. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतील एल कॅपिटन हा महासंगणक नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर आला. त्याची मोजलेली क्षमता १.७४२ एक्झाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे १७४ कोटी अब्ज गणिती क्रिया इतकी होती. त्यात एएमडीची एमआय३००ए ही चिप आहे. तिच्या एकाच पॅकेजमध्ये २४ सीपीयू कोअर, एक मोठा जीपीयू आणि दोघांना मिळून १२८ जीबी एचबीएम३ मेमरी आहे. एचबीएम म्हणजे थरांवर थर रचून प्रोसेसरला अगदी लगटून बसवलेली मेमरी. या चिपमध्ये तिची बँडविड्थ सेकंदाला ५,३०० जीबी होते. एनव्हिडियाने ग्रेस हॉपरमध्ये थोडी वेगळी वाट निवडली. तिथे सीपीयू आणि जीपीयू यांच्या मेमरी वेगळ्याच आहेत, पण मधले दार दोन्ही दिशा मिळून सेकंदाला ९०० जीबी इतके रुंद केले आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे कपाट थेट उघडता येते.

एक हिशेब मांडून पाहू

भाषा हाताळणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप उत्तर लिहिते तेव्हा शब्दाचा प्रत्येक तुकडा निर्माण करण्यासाठी ज्या आकड्यांत त्याचे शिकणे साठवलेले असते, ते जवळजवळ सगळे आकडे त्याला मेमरीतून एकदा वाचावे लागतात. समजा, एका प्रारूपात ३० अब्ज आकडे आहेत आणि प्रत्येक आकडा अर्ध्या बाइटमध्ये बसवला आहे. म्हणजे एकूण १५ जीबी झाले. आरटीएक्स ५०९० कार्डाची मेमरी ३२ जीबी आहे, त्यामुळे हे प्रारूप त्यात सहज मावते आणि १,७९२ भागिले १५ या हिशेबाने सेकंदाला जास्तीत जास्त ११९ तुकडे निघू शकतात. २५६ जीबी बँडविड्थच्या सामायिक मेमरीवर तेच प्रारूप सेकंदाला १७ तुकड्यांवर अडेल. इथे कार्ड सातपट वरचढ आहे, आणि सामायिक मेमरीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये.

आता प्रारूप १२० अब्ज आकड्यांचे, म्हणजे ६० जीबीचे, घेऊ. सामायिक मेमरीच्या यंत्रात ते पूर्ण मावते आणि वेग सेकंदाला चार तुकड्यांच्या थोडा पुढे राहतो. कार्डात मात्र निम्मेच मावते. आतले ३० जीबी वाचायला कार्डाला सेकंदाचा साठावा हिस्सा पुरतो, पण बाहेर राहिलेले ३० जीबी ६४ जीबीच्या दारातून आणायला जवळपास अर्धा सेकंद जातो. परिणामी वेग सेकंदाला दोन तुकड्यांवर घसरतो. बाहेरच्या भागाचा हिशेब सीपीयूकडेच सोपवला तरी तो तीनच्या आत राहतो. प्रत्यक्षातले वेग या कमाल आकड्यांहून कमी असतात. चित्र मात्र बदलत नाही. प्रत्येक तुकड्यासाठी आपल्या आकड्यांचा काही भागच वापरणारी मोठी प्रारूपे अलीकडे पुष्कळ निघाली आहेत आणि त्यांना मेमरी भरपूर पण बँडविड्थ मध्यम अशी यंत्रे विशेष मानवतात.

मग सगळे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर का नको?

कारण तो तुकडा हवा तेवढा मोठा करता येत नाही. चिप छापणारे यंत्र एका वेळी साधारण ८५८ चौरस मिलिमीटरपर्यंतच नक्षी उमटवू शकते. आरटीएक्स ५०९०ची चिप आधीच सुमारे ७५० चौरस मिलिमीटरची आहे. तिच्या शेजारी दमदार सीपीयू बसवायला जागाच उरत नाही. शिवाय तुकडा जितका मोठा, तितका त्यात दोष निघण्याचा आणि तो फेकून द्यावा लागण्याचा संभव जास्त. म्हणून आता लहान-लहान तुकडे वेगवेगळे बनवून एका पॅकेजमध्ये जोडले जातात. अशा तुकड्यांना चिपलेट म्हणतात. प्रत्येक चिपलेट त्याला साजेशा तंत्राने, हव्या त्या कारखान्यात बनवता येते. इंटेलच्या मीटिअर लेकमध्ये सीपीयूचा तुकडा इंटेलने स्वतः बनवला आहे आणि ग्राफिक्सचा तुकडा तैवानच्या टीएसएमसीकडून घेतला आहे.

इंटेल आणि एनव्हिडिया यांची घोषणा याच पद्धतीवर उभी आहे. स्पर्धकाचे ग्राफिक्स आपल्या पॅकेजमध्ये घेण्याचा प्रयोग इंटेलने पूर्वीही केला होता. २०१८ साली केबी लेक-जी या चिपमध्ये इंटेलचा सीपीयू आणि एएमडीचा जीपीयू एकत्र बसवले होते. जीपीयूला स्वतःची एचबीएम२ मेमरी होती, पण सीपीयूची मेमरी वेगळीच राहिली. म्हणजे दोन खोल्या एका इमारतीत आल्या आणि कपाटे दोनच राहिली. दुसऱ्याच वर्षी ते उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर झाले. नव्या भागीदारीचे मोल ठरवताना मला म्हणूनच कंपन्यांच्या नावांपेक्षा त्या चिपमधली मेमरी कशी मांडली जाते, हे पाहणे महत्त्वाचे वाटते.

वेगळे ग्राफिक्स कार्ड संपणार का?

वरच्या टोकाला नाही. आरटीएक्स ५०९० कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेते. रायझन एआय मॅक्समध्ये सीपीयू आणि जीपीयू मिळून ४५ ते १२० वॉटमध्ये भागवतात. कार्डाइतकी उष्णता एका छोट्या जागेतून बाहेर काढणे अवघड असते आणि ती दोन ठिकाणी विभागणे सोपे. सामायिक मेमरीत आणखी एक तोटा असतो. एकाच वाटेवर दोघांची गर्दी होते आणि जीपीयू भरधाव चालू असताना सीपीयूच्या वाट्याची बँडविड्थ घटते. खेळांसाठी सर्वोच्च दर्जाचे चित्र हवे असणारे लोक त्यामुळे कार्डाकडेच वळतील.

स्वस्त आणि मध्यम कार्डांची गोष्ट वेगळी आहे. सगळ्यात स्वस्त कार्डांची जागा प्रोसेसरमधील ग्राफिक्सने कधीच घेतली आहे, आणि मेमरीची वाट रुंद होत गेली तर मध्यम कार्डांचे प्रयोजनही, निदान लॅपटॉपमध्ये, कमी होत जाईल असे दिसते.

रॅम वाढवण्याची सोय गेली, त्याचे काय?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. मेमरीचा वेग आणि रुंदी वाढली की प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील तारांची लांबी कमी ठेवावी लागते. मेमरीची पट्टी बसवायच्या मधल्या खाचेमुळेही सिग्नल बिघडतो, म्हणून मेमरी थेट बोर्डवर किंवा पॅकेजवर जोडून टाकतात. फ्रेमवर्क ही कंपनी दुरुस्त करता येतील आणि भाग बदलता येतील अशा संगणकांसाठी ओळखली जाते. पण २०२५ मध्ये रायझन एआय मॅक्सवर आधारित संगणक आणताना तिलाही मेमरी कायमची जोडलेलीच द्यावी लागली. बदलता येणाऱ्या मेमरीचा पूर्ण वेग मिळेल अशी मांडणी साधत नाही, असे कारण तिने दिले. म्हणजे खरेदीच्या दिवशी घेतलेली मेमरी शेवटपर्यंत तेवढीच राहणार, आणि तिच्यात बिघाड झाला तर सगळा बोर्ड बदलावा लागणार. एलपीकॅम२ नावाचा, स्क्रूने बसवता येणारा मेमरीचा नवा प्रकार हा तोटा काही अंशी भरून काढतो. मात्र सर्वांत रुंद मांडण्यांत तो अजून रुळलेला नाही.

प्रोग्राम आपोआप वेगवान होतील का?

होणार नाहीत. कपाट एक झाले तरी कोणते काम कोणत्या खोलीत करायचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. त्यातच आणखी एक गुंता आहे. प्रत्येक प्रोसेसर वरचेवर लागणारी माहिती आपल्या जवळच्या छोट्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतो. सीपीयूने आपल्या कॅशमध्ये एखादा आकडा बदलला आणि जीपीयूने जुनाच वाचला तर उत्तर चुकते. दोघांना नेहमी ताजी माहिती दिसावी, हे हार्डवेअरने पाहणे म्हणजे कॅशची सुसंगती. ती राखण्यासाठी सतत विचारपूस करावी लागते आणि त्या विचारपुशीत वेळ आणि वीज जाते. म्हणून काही यंत्रणा ती पूर्णपणे राखतात, तर काही ठरावीक भागापुरती.

जुन्या सवयीही लगेच सुटत नाहीत. विंडोजवर चालणारे कित्येक खेळ आणि प्रोग्राम आजही ग्राफिक्सची ‘स्वतःची’ मेमरी किती, असे विचारतात. त्यामुळे १२८ जीबी सामायिक मेमरी असलेल्या रायझन एआय मॅक्स यंत्रातसुद्धा ९६ जीबीपर्यंतचा भाग जीपीयूच्या नावे राखून ठेवण्याची सोय द्यावी लागली आहे. एनव्हिडियाने २००७ पासून जोपासलेल्या कुडा या प्रोग्रामिंग साधनावर जी प्रचंड गुंतवणूक झाली आहे, तिच्यामुळेही कोणाची एकत्रित चिप चालेल याचा निर्णय केवळ हार्डवेअरच्या गुणवत्तेवर होणार नाही.

अशी यंत्रे आता दुकानात येऊ लागली आहेत. विकत घेताना कोअरची संख्या आणि गिगाहर्ट्झ हे आकडे ठळक अक्षरांत छापलेले दिसतात. त्याऐवजी तपशिलाच्या तक्त्यात मेमरीच्या वाटेची रुंदी, म्हणजे ‘मेमरी बस विड्थ’, शोधावी. ती १२८ बिट असेल तर ते नेहमीच्या लॅपटॉपइतकेच यंत्र आहे, २५६ किंवा ५१२ असेल तर आतल्या जीपीयूला पुरेसे खाद्य मिळण्याची शक्यता आहे. रुंदी दिलेली नसेल तर सेकंदाला किती जीबी, हा आकडा विचारावा, आणि मेमरी नंतर वाढवता येणार नाही हे गृहीत धरूनच तिचे प्रमाण ठरवावे.